विद्यापीठाचे बंद केलेले दार

(तेर येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आज सकाळी मी आपल्या गावातील त्रिविक्रमाच्या देवळापाशी थोडा वेळ उभा होतो. आपण तेथून रोज जाता-येता, म्हणून त्या इमारतीकडे आपले लक्ष जात नसेल. तिची मागील बाजू एकदा निरखून पाहा. ती चौकोनी नाही. हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. विटांचे ते बांधकाम मूळचे बौद्ध चैत्यगृहाचे आहे, असे पुरातत्त्वज्ञांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. ग्रीक दर्यावर्दी ज्या तगर नगराचा माल भडोचच्या बंदरात पाहत असत, ते तगर म्हणजे आपले हे तेर. चैत्यगृहाचे पुढे देऊळ झाले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांस देवळाची पायरीच वर्ज्य झाली, हे मी आपणांस सांगावयास नको. आपल्यापैकी जे वृद्ध आहेत त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु आज मला देवळाच्या दाराविषयी बोलावयाचे नाही. त्या दाराशी आपला संबंध आपण स्वतःहून तोडला आहे. मला बोलावयाचे आहे ते विद्यापीठाच्या दाराविषयी. ते दार आपणांस सोडता येत नाही. आपल्या मुलास त्या दारातून बाहेर काढले, तर त्याने काय करावे आणि आपण आईबापांनी काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा प्रश्न मुंबई-दिल्लीचा आहे, आमच्या तेरचा नव्हे, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्याने पुढील हकीकत ऐकावी.

याच जिल्ह्यात, तुळजापूर येथे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार आहे. संस्थेचे मुख्य ठाणे मुंबईत देवनार येथे. तुळजापूरखेरीज हैदराबाद व गुवाहाटी येथेही तिची आवारे आहेत. या संस्थेत केरळातून आलेला एक दलित विद्यार्थी पीएच्.डी. करीत होता. त्याचे नाव रामदास प्रिनी शिवानंदन. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची जी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, ती त्याने परीक्षा देऊन मिळविली होती. १८ एप्रिल २०२४ रोजी संस्थेने त्यास दोन वर्षांसाठी निलंबित केले आणि संस्थेच्या कोणत्याही आवारात पाऊल ठेवण्यास मनाई केली. मुंबईत नाही, हैदराबादेत नाही, गुवाहाटीत नाही, आणि आपल्या तुळजापुरातही नाही! हा मुलगा कधी तुळजापुरास आला होता की नाही, मला माहीत नाही. परंतु बंदीच्या हुकुमाने आपल्या जिल्ह्याची वेससुद्धा त्यास बंद केली होती.

त्याचा अपराध कोणता? जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत विद्यार्थी संघटनांनी संसदेवर मोर्चा काढला होता. नव्या शैक्षणिक धोरणाविरुद्ध व सत्तारूढ पक्षाविरुद्ध तो मोर्चा होता. रामदास त्यात सामील झाला, आणि ज्या फलकाखाली तो चालला त्यावर त्याच्या विद्यार्थी संघटनेच्या नावास जोडून संस्थेचे नाव होते. दुसरे असे, की ‘राम के नाम’ हा माहितीपट पाहा, असे आवाहन त्याने केले. हा माहितीपट राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला आहे आणि दूरदर्शनवर दाखविला गेलेला आहे. ७ मार्च २०२४ रोजी कारणे दाखवा नोटीस आली. तीत याखेरीज आणखीही आरोप होते. सहा आठवड्यांत शिक्षा झाली.

त्याची मते मला सर्वस्वी मान्य आहेत असे नाही. तो ज्या संघटनेत काम करतो तिच्याशी आपल्या चळवळीचे अनेकदा मतभेद झाले आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. संस्थेचे म्हणणेही आपण ऐकून घेतले पाहिजे. आमचे नाव फलकावर लावल्याने मोर्च्यातील मते आमची आहेत असा लोकांचा समज झाला, असे संस्था म्हणते. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. नाव लावू नको, अशी ताकीद देता आली असती. एखादा दंड करता आला असता. परंतु दोन वर्षे वर्ग बंद, ग्रंथालय बंद, मार्गदर्शकाची भेट बंद, वसतिगृह बंद! अपराध आणि शिक्षा यांचे काही माप असते की नाही? एका फलकासाठी माणसाच्या आयुष्याची दोन वर्षे घेणे, याला आमच्या बापजाद्यांच्या भाषेत एकच शब्द होता, आणि तो शब्द म्हणजे बहिष्कार.

या गावात गोरोबाकाकांची एक कथा सांगतात. त्यांनी जमलेल्या संतांची डोकी थापट्याने ठोकून कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते हे ठरविले म्हणे. शिस्तपालन समित्यांची बैठक अशीच असते. फरक एवढाच, की गोरोबांच्या अंगणात कच्चे ठरलेल्या नामदेवास गुरू शोधून परत येण्याची मोकळीक होती.

आता आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक साधा प्रश्न आला असेल. एका संस्थेने काढले तर दुसऱ्या संस्थेत जावे. एवढा हट्ट कशाला? मी आपणांस सांगतो, हा हट्ट नव्हे. शाळेचा दाखला काढून दुसऱ्या शाळेत घालावा तसे पीएच्.डी.चे नसते. विषय एका मार्गदर्शकाशी ठरलेला असतो, नोंदणी एका संस्थेत असते, अधिछात्रवृत्तीचे पैसे त्या संस्थेच्या सहीशिकाऱ्यानेच येतात. मधूनच बाहेर पडणाऱ्याची आधीची वर्षे बहुधा वाया जातात.

आपल्याच मराठवाड्याच्या इतिहासात याच्या उलट घडलेले आहे. १९३८ साली, हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. निजाम सरकारने शेकडो मुलांस काढून टाकले. त्या मुलांना नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडून दिले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. त्या गीताविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. त्या मुलांमागे एक राजकीय पक्ष होता, एक सबंध प्रांत होता, आणि म्हणून त्यांना एका दारातून काढल्याबरोबर दुसरे दार उघडले. आपल्या मुलामागे कोण आहे? शेतमजुरी करणारा बाप आणि अंगणवाडीत खिचडी शिजविणारी आई. म्हणून आपल्या मुलास ज्या दारातून बाहेर काढले त्याच दारातून आत जावे लागते. तो हट्टी आहे म्हणून नव्हे. त्याला दुसरे दार नाही म्हणून.

रामदासने तेच केले. मे २०२४ मध्ये त्याने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. निकाल १२ मार्च २०२५ रोजी लागला, आणि तो त्याच्या विरुद्ध लागला. मोर्चा राजकीय हेतूने प्रेरित होता, संस्थेच्या नावाने तो निघाल्याचे भासले, सबब शिक्षेत हस्तक्षेप करण्याचे कारण नाही, असे उच्च न्यायालयाने ठरविले. एक वर्ष व्हावयास आले होते. येथे पुष्कळ जण थांबतात. घरचे म्हणतात, आता पुरे झाले; गावचे म्हणतात, मोठ्यांशी कशाला लागावे? तो थांबला नाही. सर्वोच्च न्यायालयात गेला. २ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निलंबनाची मुदत, जेवढी भोगून झाली तेवढीच, इतकी कमी केली आणि त्याचा पीएच्.डी. पूर्ण करण्याचा मार्ग मोकळा केला. दोन वर्षांच्या शिक्षेपैकी एक वर्ष आणि दोन आठवडे भोगून झाले होते.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्या. मी काही सभांतून असे ऐकले आहे की सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. तसे नाही. न्यायालयाने शिक्षा कमी केली. भोगलेले वर्ष कोणी त्यास परत दिले नाही. आपल्या लोकांस अर्धवट बातमी पूर्ण विजय म्हणून सांगण्याची सवय आपण सोडली पाहिजे, कारण उद्या आपल्याच घरातील मुलगा त्या समजुतीवर विसंबून नोटिशीला उत्तर न देता बसेल.

आपल्यापुढे याहून मोठा एक धडा आहे, आणि तो बाबासाहेबांनीच घालून दिलेला आहे. महाडच्या चवदार तळ्याचे नाव येथील लहान मुलासही ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपण दरवर्षी सांगतो. पुढचे किती जण सांगतात? त्याच वर्षी डिसेंबरात परिषद पुन्हा भरावयाची होती. पुन्हा पाणी घ्यावयाचे, असा हजारो लोकांचा निर्धार होता. इतक्यात सवर्णांनी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. लोक पुढे जावयास सिद्ध होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबविले. तो मनाई हुकूम मोडला नाही. तो न्यायालयात लढविला. महाडच्या न्यायालयापासून मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत तो दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. दहा वर्षे! सत्याग्रहाचा दिवस एक, आणि कागदांची वर्षे दहा. त्या एका दिवसाची चित्रे आपण भिंतीवर लावतो. त्या दहा वर्षांचे चित्र कोणी काढलेले नाही. वकिलाच्या खोलीत बसून दफ्तर चाळणाऱ्या माणसाचे चित्र काढून कोण विकत घेणार?

म्हणून मुलांनो, तुम्हाला मी हेच सांगतो. बंदीचा हुकूम हातात पडला तर फाटकावर चढून आत जाऊ नका. त्याने तुमच्या विरुद्ध दुसरा कागद तयार होतो, आणि पहिल्या कागदाचा अन्याय त्या दुसऱ्या कागदाखाली झाकला जातो. फाटकाबाहेर राहा, पण फाटक सोडून जाऊ नका.

हे सांगताना हैदराबादची आठवण टाळता येत नाही. हैदराबाद विद्यापीठाने रोहित वेमुला आणि त्याचे चार सोबती अशा पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांस २०१५ च्या अखेरीस वसतिगृहातून काढले आणि विद्यापीठाच्या सार्वजनिक जागी एकत्र वावरण्यावर बंधन घातले. रोहितची अधिछात्रवृत्ती महिनोन् महिने थकली होती. जानेवारी २०१६ च्या आरंभी ते पाच जण अंथरुणे आणि बाबासाहेबांची तसबीर घेऊन खोल्यांतून बाहेर पडले आणि आवारातच उघड्यावर झोपडे घालून राहिले. त्या जागेचे नाव त्यांनी ‘वेलिवाडा’ असे ठेवले. तेलुगू भाषेतील हा शब्द; अर्थ गावाबाहेरची वस्ती. आमच्याकडे तिला काय म्हणत, ते आपणांस ठाऊक आहे. विसाव्या शतकात जी वस्ती आम्ही सोडली म्हणून आनंद मानला, ती एकविसाव्या शतकात विद्यापीठाच्या आवारात पुन्हा उभारावी लागली. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितने आपले जीवन संपविले. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ जानेवारीस, उरलेल्या चौघांची शिक्षा विद्यापीठाने मागे घेतली. जी शिक्षा चार दिवसांत मागे घेता येत होती ती आधी का घेतली नाही, याचे उत्तर त्याच्या आईस कोणी दिले? ती आई, राधिकाताई, आणि रोहितचा भाऊ यांनी त्याच वर्षी १४ एप्रिल रोजी मुंबईत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आपणही अलीकडेच ती दीक्षा घेतलेली आहे. त्या नात्याने ते घर आपल्या घराजवळचे आहे.

मातांनो, आपणांस येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. लढणारा मुलगा एकटा पडता कामा नये. त्याला रोज कोणीतरी फोन केला पाहिजे, आणि त्या फोनवर खटल्याची चौकशी नंतर, जेवला का हे आधी विचारले पाहिजे. ‘तू हे सोडून ये’ असेही म्हणू नका आणि ‘समाजासाठी तुला लढलेच पाहिजे’ असेही म्हणू नका. दोन्ही वाक्यांचे ओझे सारखेच असते. त्याचे मन खचलेले दिसले तर न्यायालय बाजूला ठेवून आधी त्याच्याकडे जा, त्याला डॉक्टरकडे न्या. तारीख पुढे घेता येते.

माझ्या घरातील एक हकीकत सांगतो. माझा भाचा एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत होता. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून शुल्क भरले गेले नाही, आणि एके दिवशी त्याच्या खोलीला दुसरे कुलूप लागलेले दिसले. माझे मेहुणे दुसऱ्याच दिवशी त्याची पेटी आणावयास एस. टी.ने निघाले. मी त्यांना स्टँडवर गाठले आणि विचारले, ‘दाजी, काढल्याचा कागद कुठे आहे?’ कागद नव्हताच. सारे तोंडी. मी त्यांच्याबरोबर गेलो. आम्ही अर्ज लिहिला: कोणत्या नियमाने, कोणाच्या सहीने, किती दिवसांसाठी काढले ते लेखी द्यावे. आवक-जावक पाहणारा कारकून अर्ज घेईना. मग तोच अर्ज आम्ही टपालाने पोचपावतीसह पाठविला. भाचा तीन आठवडे एका मित्राच्या खोलीत जमिनीवर निजला, त्याची एक चाचणी बुडाली, आणि दाजी माझ्याशी दोन महिने धड बोलले नाहीत; माझ्यामुळे मुलाचे हाल झाले असे त्यांना वाटे. परंतु चौथ्या आठवड्यात किल्ली परत मिळाली. लेखी उत्तर शेवटपर्यंत आले नाही. तोंडी काढणाऱ्याला लेखी विचारले की त्याची पंचाईत होते, हे मी त्या वेळी शिकलो.

तेव्हा आपल्या घरात एक पिशवी ठेवा. प्रवेशाची पावती, शुल्काच्या पावत्या, शिष्यवृत्तीचा अर्ज, गुणपत्रके, आलेली प्रत्येक नोटीस आणि तिला दिलेल्या उत्तराची प्रत, हे सारे तीत तारखेच्या क्रमाने असावे. नोटीस आली तर मुदतीच्या आत उत्तर द्या. मुदत अपुरी असेल तर वाढवून मागणारा अर्ज तरी द्या. आरोप ज्या कागदांवर आधारलेला आहे त्यांच्या प्रती मागा. समितीपुढे बोलावले तर काय विचारले आणि काय सांगितले, ते त्याच रात्री वहीत उतरवून ठेवा. संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिच्यावर लोकपाल असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत ही तरतूद आहे. तेथे दाद मागा. ती न मिळाल्यास संविधानाच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालय आहे, आणि आपल्या जिल्ह्यासाठी त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे बसते.

वकिलाच्या पैशाची चिंता आपणांस वाटेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस, तसेच कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. तेथे अर्ज द्यावयाचा.

यावर कोणीतरी आपणांस हमखास सांगेल, की तुम्ही बौद्ध झालात, आता तुमचे हे हक्क गेले. हे सांगणारे लोक मी गावोगावी पाहिले आहेत, आणि ते नेहमी मोठ्या कळकळीने सांगतात! एके काळी त्यात थोडे सत्य होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांस कित्येक वर्षे नाकारल्या गेल्या. परंतु १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्ध धर्मीयांचाही त्यात समावेश झाला. आपली जात त्या यादीत असेल तर दीक्षेने तो हक्क जात नाही. मात्र मुलाच्या दाखल्यावर एक आणि बापाच्या दाखल्यावर दुसरे, असा घोळ राहू देऊ नका. असा घोळ एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. मुलगा अडचणीत आला की तो सर्वांत आधी शोधला जातो.

शेवटी अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाविषयी थोडे. बाबासाहेब १९१६ साली लंडनला शिकावयास गेले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. तेथे त्यांना कोणी बंदी केली नव्हती. बंदी होती ती पैशाची. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची विद्यापीठाची परवानगी मिळवून ठेवली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्राकडून कर्ज काढले, आणि १९२० साली, मुदत उलटण्यापूर्वी, ते लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम्.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तेव्हा हातातले पैसे पुन्हा संपलेले होते. तो मुंबईस येऊन दुरुस्त केला, पाठविला, आणि १९२३ मध्ये पदवी मिळविली. आपली मुले ज्या वयात खचून घरी येतात, जवळपास त्याच वयातील ही हकीकत आहे. परतण्याची परवानगी हातात घेऊन बाहेर पडणे आणि नुसते बाहेर पडणे, यांत किती अंतर आहे ते पाहा.

आता वेळ फार झाला आहे. बायांना स्वयंपाकाला जावयाचे आहे. ज्यांच्या मुलास किंवा मुलीस महाविद्यालयाकडून, वसतिगृहाकडून अथवा समाजकल्याण खात्याकडून काही कागद आला असेल, त्यांनी तो घेऊन परत यावे. ज्यांना कागद न देता तोंडीच सांगितले असेल, त्यांनीही यावे. कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी, एवढे आठवून यावे. मुक्कामाची शेवटची गाडी निघेपर्यंत मी येथेच बसलेलो आहे, आणि कोरे कागद बरोबर आणले आहेत.